जुन्या मशीननं जायचं कुठं?

'सपोर्ट बंद' हे दोन शब्द कॉम्प्युटरच्या पडद्यावर येतात तेव्हा फार सभ्य दिसतात. शिवी नाही, धमकी नाही, दंड नाही. करड्या चौकटीत एक ओळ असते: तुमची सिस्टीम जुनी झाली आहे, यापुढे हा प्रोग्राम तिच्यावर चालणार नाही. खाली एक बटण, 'ठीक आहे.' 'ठीक नाही' असं बटण आजवर कुणी ठेवलेलं नाही.

या अंकाचं संपादकीय त्या करड्या चौकटीवर आहे. काही जण विचारतील, पेटलेले विषय काय कमी पडले, म्हणून हा गोदीतला हमाल लिनक्सवर लिहायला बसला? तर ऐका. हा अंक ज्या मशीनवर जुळवला ते एका ऑफिसनं भंगारात काढलेलं मशीन आहे. आपल्या अभ्यासिकेतली चारही मशीनं त्याच घाणीतली. विंडोजचा परवाना घ्यायला खिशात दमडी नव्हती, चोरीची विंडोज टाकली की व्हायरस वर फुकट मिळतो, म्हणून पोरांनी रात्र जागून लिनक्स टाकलं. त्याच मशीनवर भरतीचे अर्ज भरले जातात, हॉलतिकिटं निघतात, कविता टाइप होतात. ज्या दिवशी ब्राउझर म्हणतो 'मी चाललो', त्या दिवशी अर्जाची शेवटची तारीख काही त्याच्याबरोबर पुढं जात नाही. तेव्हा हा विषय सरळ भाकरीचा आहे.

आधी काय घडलं ते मांडतो. मग भांडतो.

१९९१ साली हेलसिंकीच्या एका विद्यार्थ्यानं, लिनस टोरवाल्ड्सनं, इंटेलच्या ३८६ चिपवर लिनक्स लिहायला घेतलं. त्या ३८६ चा सपोर्ट लिनक्सच्या गाभ्यातून, म्हणजे कर्नलमधून, डिसेंबर २०१२ मध्ये काढला गेला. टोरवाल्ड्सनंच तो बदल मंजूर केला. ज्या पाळण्यात पोर वाढलं तो पाळणा मोडून चुलीत घातला. त्याचा मला राग नाही. ती चिप बाजारात येऊन तोवर २७ वर्षं झाली होती, आणि तिच्यासाठी वेगळं वळण घेत बसणं सगळ्यांना जड जात होतं. जुनं कधीच सुटू नये असं माझं म्हणणं नाही. सुटतं कसं, कुणाला विचारून, आणि खर्च कुणाच्या अंगावर पडतो, यावर माझं भांडण आहे.

३८६ नंतर पाळी आली सगळ्याच ३२ बिटच्या मशीनांची. गूगलचं क्रोम मार्च २०१६ मध्ये ३२ बिटच्या लिनक्सवरून उठलं. उबंटूनं २०१७ च्या १७.१० आवृत्तीपासून ३२ बिटसाठी डेस्कटॉपची तबकडी काढणं सोडलं. लिबरऑफिसवाल्यांनी २०१९ मध्ये ६.३ पासून ३२ बिटच्या लिनक्ससाठी तयार फाइली देणं थांबवलं. डेबियन सगळ्यांत चिवट. पण ऑगस्ट २०२५ मध्ये डेबियन १३ आली तिच्यात ३२ बिट पीसीसाठी ना कर्नल, ना इन्स्टॉलर. आणि सप्टेंबर २०२५ मध्ये मोझिलानं जाहीर केलं की ३२ बिटच्या लिनक्सवर फायरफॉक्सची १४४ ही शेवटची आवृत्ती. नोव्हेंबरात १४५ आली ती ६४ बिटवाल्यांची. मागं राहिलेल्यांना १४० क्रमांकाची लांब मुदतीची आवृत्ती दाखवली, तिला सुरक्षेच्या दुरुस्त्या सप्टेंबर २०२६ पर्यंत देण्याचं कबूल केलं.

बघा, एकानंही दार धाडकन लावलं नाही. प्रत्येकानं आपापली खिडकी हळूच ओढून घेतली. दहा वर्षांत घर अंधारं झालं आणि एकावरही आळ आला नाही.

आता हे होतं कसं, त्याची यंत्रणा समजून घ्या. नुसत्या घोषणांनी मशीन चालू होत नाही.

लिनक्सवर प्रोग्राम आणि कर्नल यांच्या मधे एक लायब्ररी असते, तिला जीलिबसी म्हणतात. फाइल उघड, वेळ सांग, मेमरी दे, अशी जवळजवळ सगळी कामं प्रोग्राम तिच्यामार्फत करून घेतो. गोदीच्या भाषेत सांगायचं तर प्रोग्राम म्हणजे जहाज आणि जीलिबसी म्हणजे धक्का. धक्क्याजवळ पाणी किती खोल आहे त्यावर कोणतं जहाज लागणार ते ठरतं. कमी ड्राफ्टचं जुनं जहाज नव्या खोल धक्क्याला बिनघोर लागतं. खोल ड्राफ्टचं नवं जहाज जुन्या उथळ धक्क्याकडे आलं की चिखलात रुततं. इथंही अगदी तसंच. जुन्या जीलिबसीसाठी बांधलेला प्रोग्राम नव्या सिस्टीमवर चालतो. नव्या जीलिबसीवर बांधलेला जुन्या सिस्टीमवर नेला की पडद्यावर उमटतं: आवृत्ती सापडली नाही. संपलं.

आता यातली मेख ऐका. कित्येक जहाजांना तेवढ्या खोल पाण्याची गरजच नसते. प्रोग्राम ज्या मशीनवर बांधला तिथं जीलिबसी नवी होती, एवढ्याच कारणानं तो नव्या आवृत्तीच्या खुणा अंगावर घेऊन येतो. तोच प्रोग्राम बांधणाऱ्यानं जुन्या सिस्टीमवर बांधला तर बहुतेक वेळा दोन्हीकडे चालतो. म्हणजे 'तुमची सिस्टीम जुनी आहे' या वाक्याचा खरा अर्थ पुष्कळदा असा असतो की 'जुन्या धक्क्याचं माप घेऊन जहाज बांधणं आम्हाला परवडत नाही'. परवडत नसेल, मान्य. पण मग तसं बोला ना! आमच्या मशीनला म्हातारं का म्हणता?

याचं सगळ्यांत बोलकं उदाहरण २०२४ च्या फेब्रुवारीतलं. मायक्रोसॉफ्टचा व्हीएस कोड नावाचा प्रोग्राम लिहायचा संपादक आहे, जगभरचे प्रोग्रामर तो वापरतात, त्यातून दूरच्या सर्व्हरवर बसून कामं करतात. त्याची १.८६ आवृत्ती आली आणि तिनं जीलिबसी २.२८ मागितली. २.२८ ही ऑगस्ट २०१८ ची. उबंटू १८.०४ वर होती २.२७. एका पायरीनं नापास! सेंटओएस ७ वर होती २.१७, डिसेंबर २०१२ ची. रात्रीतून हजारो लोकांचे सर्व्हर त्यांच्याच हातांना लागेनासे झाले. आणि ध्यानात घ्या, सेंटओएस ७ तेव्हा मेलेली नव्हती. तिची मुदत ३० जून २०२४ पर्यंत होती. माणूस जिवंत असताना रेशनकार्डावरून नाव कापतात तसला प्रकार.

मग बोंब उठली. मोठ्या कंपन्यांतले, विद्यापीठांतले, प्रयोगशाळांतले इंजिनियर ओरडले. आणि काय चमत्कार, काही दिवसांतच १.८६.१ आली, जुन्या सिस्टीमना १२ महिन्यांची सवलत घेऊन. तांत्रिकदृष्ट्या अशक्य असलेली गोष्ट आठवड्याच्या आत शक्य झाली! पुढं २०२५ च्या मार्चच्या १.९९ आवृत्तीत दार कायमचं लागलं, पण तोवर लोकांना सामान हलवायला वर्ष मिळालं.

त्याआधी जून २०१९ मध्ये असंच. उबंटूनं सांगितलं की १९.१० पासून ३२ बिटची सगळी पॅकेजं बंद. जुने खेळ ३२ बिटचे असतात. स्टीम हे खेळांचं दुकान चालवणारी व्हॉल्व कंपनी म्हणाली, मग आमचा उबंटूला रामराम. वाइनवाले चिडले. आठवडाभरात उबंटूनं माघार घेतली आणि खेळांना लागतील ती ३२ बिटची पॅकेजं ठेवली.

या दोन्ही गोष्टी शेजारी ठेवून वाचा. जिथं ओरडणाऱ्याच्या मागं कंपनी होती, पगार होता, इंग्रजी होतं, तिथं मुदत मिळाली. अभ्यासिकेतल्या मशीनच्या मागं कोण होतं? दुसऱ्या, तिसऱ्या हातानं आलेल्या ३२ बिटच्या मशीनवर बसलेला माणूस ओरडला तरी कोणत्या भाषेत, कोणत्या दारात? आवाजवाल्याला मुदत, बिनआवाजाला नोटीस. साला, इथंही तेच!

आणि आपली मोजणीही होत नाही. सपोर्ट काढायचा की ठेवायचा हे ठरवताना सगळे आकडा बघतात, किती जण वापरतात? हा आकडा येतो कुठून? बरेच प्रोग्राम आपला वापर मोजून परस्पर घरी कळवतात त्यातून. आता ज्या मशीनला आठवड्यातून दोनदा कुणाच्या तरी मोबाइलचं नेट मिळतं, ज्या मशीनवर एकामागून एक बाराजण बसतात, ते मशीन त्या आकड्यात किती? एक. किंवा शून्य. बारा माणसांचं एक मशीन आणि एका माणसाची तीन मशीनं, या हिशोबात एकाची किंमत बारांच्या तिप्पट भरते. असल्या हिशोबाला शास्त्र म्हणायचं असेल तर म्हणा, न्याय म्हणू नका.

आता दुसऱ्या बाजूचं. ते न सांगता पुढं गेलो तर मी भाषणबाज ठरेन.

जुनं सांभाळणं हे काम आहे, हाडं झिजवणारं. प्रत्येक जुन्या सिस्टीमसाठी मशीन ठेवावं लागतं, प्रत्येक बदल तिथं चालवून बघावा लागतो, मोडला तर दुरुस्त करावा लागतो. लिनक्सच्या जगात यातलं कितीतरी काम फुकट करणारी माणसं करतात, नोकरी सांभाळून, झोप मोडून. त्यांचं नाव कुठं छापून येत नाही. काही मोडलं की शिव्या मात्र पहिल्यांदा त्यांनाच. ओझं वाहणाऱ्यानं ओझं वाहणाऱ्याला ओळखायला पाहिजे. 'आता पाठ दुखते, ही गोण उतरवतो' असं कुणी म्हणाला तर त्याला गद्दार म्हणणाऱ्यांत मी नाही.

शिवाय ३२ बिटची खरीखुरी अडचण आहे. जुन्या पद्धतीचं ३२ बिटचं घड्याळ १ जानेवारी १९७० पासून सेकंद मोजतं, आणि १९ जानेवारी २०३८ ला त्याचं माप भरून तारीख उलटते. एका प्रोग्रामला ४ गिगाबाइटच्या पलीकडची मेमरी दिसत नाही, आणि आजचे ब्राउझर मेमरी खातात तशी तर लग्नातली वऱ्हाडी जिलेबी खात नाहीत. आणि दुरुस्त्या थांबलेला ब्राउझर घेऊन बँकेत शिरणं म्हणजे कडी मोडलेल्या घरात पगार ठेवून झोपणं. तेव्हा 'जुनंच वापरा, काही होत नाही' असं छातीठोक सांगणारा आपला मित्र नाही.

एवढं मान्य केलं. पण काम जड आहे म्हणून सपोर्ट काढला, हे कारण सगळीकडे खरं आहे का? सेंटओएस ७ चंच बघा. ती रेड हॅटच्या आरएचईएल ७ ची फुकट मिळणारी जुळी बहीण. मूळ मजकूर तोच, लायब्ररी तीच. ३० जून २०२४ ला दोघींची मुदत संपली. फुकटवाली त्या दिवशी मेली. विकतवालीसाठी रेड हॅटनं आणखी चार वर्षांच्या दुरुस्त्या विकायला ठेवल्या. उबंटू १८.०४ चा नेहमीचा सपोर्ट ३१ मे २०२३ ला संपला, पण कंपन्यांसाठी पैसे भरून पुढची वर्षं उघडी राहिली. घरगुती माणसाला नाव नोंदवून पाच मशीनांपर्यंत ते फुकट मिळतं, हे त्यांच्या बाजूनं सांगायलाच हवं. मुद्दा हा की जुनी सिस्टीम सांभाळणं अशक्य नसतं. तिला भाव असतो. भाव भरणाऱ्याची सिस्टीम म्हातारी होत नाही.

आणि शब्द? सेंटओएस ८ ला २०२९ पर्यंत सांभाळू असं सांगितलं होतं. ८ डिसेंबर २०२० ला एका घोषणेनं ती मुदत ३१ डिसेंबर २०२१ वर आणली. आठ वर्षांची भाषा, वर्षात निकाल. ज्यांनी त्या शब्दावर सर्व्हर उभे केले त्यांनी काय करायचं? त्यांनी केलं मात्र. सेंटओएसच्या संस्थापकांपैकी एक, ग्रेगरी कर्टझर, यानं रॉकी लिनक्स उभं केलं. दुसरीकडे अल्मालिनक्स आलं. २०२१ चं वर्ष अर्धं सरायच्या आत दोन्ही लोकांच्या हातात होती. हे होऊ शकलं कारण लिनक्सचा मूळ मजकूर उघडा आहे. कुणी सोडून गेलं तरी दुसऱ्याला उचलून पुढं नेता येतं. विंडोजमध्ये हा हक्क नाही. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला तेव्हा तिथं कुणी वेगळी चूल मांडू शकला नाही.

पण दोस्तांनो, हक्क आणि ताकद यांत फरक असतो. मूळ मजकूर उघडा आहे. तो वाचणारा आपल्यात कोण? फायरफॉक्स बांधायला जे दणकट मशीन लागतं ते कुणाकडे? कर्टझर उभा राहिला कारण त्याच्या हातात विद्या होती आणि मागं माणसं होती. आपण 'ठीक आहे'चं बटण दाबत बसलो, कारण तेवढंच बटण आपल्याला शिकवलं. हा उघडा मजकूर आपल्या पोरांनी वाचायला शिकलंच पाहिजे. मी मॅट्रिक. मला पहिली कमांड टाइप करताना घाम फुटला होता. आता मी दुसऱ्यांची मशीनं लावून देतो. यात ब्रह्मज्ञान काही नाही, भीती घालून ठेवलेली आहे.

यातलं सगळ्यांत मोठं दुखणं लिनक्सवाल्यांच्या दारात नाहीच. एक अर्ज भरायला माणसाला लागतं काय? नाव, पत्ता, जन्मतारीख, फोटो, सही. दहा वर्षांपूर्वीचा ब्राउझर हे काम डोळे झाकून करत होता. मग भरतीची साइट 'तुमचा ब्राउझर जुना आहे' म्हणून आपल्या पोराला दारातून परत का पाठवते? सुरक्षेपुरतं अडवा, समजू शकतो. पण पानावर हलणारी चित्रं आणि सरकते पडदे लावायला नवा ब्राउझर लागतो, आणि त्यापायी ज्याच्याकडे नवं मशीन नाही त्याचा अर्ज राहतो, हे चालणार नाही. खाजगी दुकानानं दुकान कसं सजवावं ते त्याचं तो बघेल. सार्वजनिक खिडकी सगळ्यांत जुन्या मशीनला पोचेल एवढ्या उंचीवरच हवी.

म्हणून मागण्या साध्या आहेत. सपोर्ट काढणार असाल तर कारण खरं सांगा आणि मुदत द्या, आवाज न करणाऱ्यालाही. शेवटची चालणारी आवृत्ती उतरवून घ्यायला कायम ठेवा, गायब करू नका. सार्वजनिक कामाच्या साइटी साध्या ठेवा. आणि जुनं सांभाळणाऱ्या फुकट्या राबणाऱ्यांना, ज्या कंपन्या त्यांच्या जिवावर मोठ्या झाल्या त्यांनी पैसे द्या.

आणि आपण काय करायचं? रडायचं नाही. पहिलं काम, मशीन फेकू नका. आधी ते खरंच ३२ बिटचं आहे का ते बघा. टर्मिनल उघडा, 'एलएससीपीयू' ही कमांड इंग्रजी लहान अक्षरांत टाका. वरच्या ओळींत ३२ बिट आणि ६४ बिट असं दोन्ही लिहून आलं, तर तुमची चिप ६४ बिटची आहे, फक्त वर सिस्टीम ३२ बिटची टाकलेली आहे. इंटेलची कोअर २ ड्युओ २००६ पासूनची, ती ६४ बिटचीच. अशा मशीनवर हलकं ६४ बिटचं लिनक्स टाका, रॅमची एक पट्टी वाढवा, ब्राउझर पुन्हा तुमचा. चिपच ३२ बिटची निघाली, जशी २००८ च्या छोट्या नेटबुकांतली ॲटम एन २७०, तर ते मशीन नेटवरून काढा आणि टायपिंगला, वाचायला, अंक जुळवायला ठेवा. मेलेलं मशीन आणि बँकेत न जाणारं मशीन यांत फरक आहे.

फेकलेलं मशीन जातं कुठं तेही माहीत असू द्या. कुर्ल्याच्या, साकीनाक्याच्या भंगारगल्ल्यांत, दिल्लीच्या सीलमपूरला. तिथं तांब्यासाठी वायरी जाळतात, बोर्ड तेजाबात बुडवतात. हातमोज्याशिवाय. ते हात कुणाचे असतात हे या अंकाच्या वाचकाला मी सांगायला नको. करड्या चौकटीतल्या त्या सभ्य ओळीचं शेवटचं टोक तिथं धुरात असतं.

दुसरं काम, मोजा. आपापल्या वस्तीतल्या, अभ्यासिकेतल्या, वाचनालयातल्या मशीनांची यादी करा. मशीन कोणतं, चिप कोणती, सिस्टीम कोणती, दिवसाला माणसं किती बसतात, आणि गेल्या वर्षात कोणत्या साइटनं किती जणांना परत पाठवलं. वहीत लिहा, तारीख घाला, खाली सह्या घ्या. पुढच्या अंकात आपण ती यादी छापू आणि ज्यांच्या खिडक्या बंद आहेत त्यांच्या टेबलावर नेऊन ठेवू. त्यांच्या आकड्यात आपण नाही. तर आपला आकडा आपणच काढू.